म्हशीच्या गोष्टीची राहिलेली चार पानं

ऑगस्टमधला पहिला शनिवार. ठिकाण: कोल्हापूर, आमच्या पेठेतलं मंगल कार्यालय, मुख्य हॉल. हजर: नदीकाठच्या एकाच गावातल्या बायका, म्हातारी माणसं आणि मुलं, कार्यालयाचे व्यवस्थापक, आमच्या महिला मंडळाच्या तिघीजणी आणि मी. गैरहजर: सहा घरांतला प्रत्येकी एक गडी.

गैरहजरांबद्दल आधी सांगते, कारण सगळा घोळ त्यांच्यामुळे झाला. नदी गावात शिरायला लागली की आमच्याकडे माणसं बाहेर पडतात, पण सगळी पडत नाहीत. जनावरांपाशी एकजण मागे राहतो. बोटीत म्हैस बसत नाही, म्हणून तोही बसत नाही. बऱ्याच घरांनी जनावरं आधीच जोतिबाच्या पायथ्याला पाहुण्यांकडे हलवली होती. ज्यांचं ठरेपर्यंत रस्ता पाण्याखाली गेला, ते अडकले. त्यांनी म्हशी शाळेच्या पटांगणात बांधल्या, कारण गावात सगळ्यात उंच जागा तीच, आणि स्वतः वरच्या मजल्यावर चौथीच्या वर्गात मुक्काम ठोकला. त्यातल्या निम्म्यांना लहानपणी त्या शाळेत फरपटत न्यावं लागायचं, असं त्यांच्या आयांनीच मला सांगितलं.

निवाऱ्याची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण मला याद्या करता येतात. पेठेत कुणाचं लग्न, बारसं, मयत काहीही असो, यादी माझ्याकडे येते. पहिल्या दिवशी मी गरजेच्या वस्तूंची यादी करून सगळीकडे पाठवली: चटया, टॉवेल, फिनेल, बायकांसाठी पॅड, मेणबत्त्या. आलं काय? टिकल्या लावलेल्या जरीच्या साड्या, एक खोकं भरून नेकटाय आणि मोठ्या शहरातल्या एका मंडळाकडून मुलांच्या पुस्तकांची दोन खोकी. सोबत पत्र होतं. कठीण काळात मुलांना आशेची सगळ्यात जास्त गरज असते, असं त्यात लिहिलं होतं. आमची सगळ्यात जास्त गरज चटयांची होती. पण चटया कुणी सुंदर अक्षरात पत्र लिहून पाठवत नाही.

पुस्तकं मी चाळली. मुलांच्या हातात काही देण्याआधी मी ते शेवटपर्यंत बघते. एका पुस्तकात भरपूर पाण्यानं हात कसे धुवावेत ते होतं. बाहेर सगळं शहर पाण्यात होतं आणि नळाला चार दिवस थेंब नव्हता. दुसऱ्यात एक ढग रडतो आणि मग त्याला बरं वाटतं. ते मी तळाला ठेवलं. ढगाला आणखी रडायला सांगणारं पुस्तक त्या आठवड्यात वाचून दाखवायची माझी हिंमत नव्हती. बाकीची चांगल्या वागणुकीची होती. मुलांनी त्यांच्या थप्प्या रचल्या आणि त्यावर बसून पत्ते खेळले. मी हरकत घेतली नाही. फरशी थंड होती.

एकच पुस्तक थप्पीत गेलं नाही. त्यात एक म्हैस होती.

ते धरून बसलेली मुलगी चौथीतून पाचवीत गेलेली. अंगानं बारीक, आवाज मात्र बाजारात भाजी विकण्याइतका खणखणीत. तिचे वडील वर शाळेत अडकलेल्यांपैकी एक. त्यांना साखरेचा आजार, त्यात म्हशी हलवताना तरंगत आलेला पत्रा पायाला लागलेला. बोटीतून गोळ्या आणि मलमपट्टी जायची, आणि परत येताना त्याच बोटीतून दुधाची किटली यायची. पूर आला म्हणून म्हशी दूध द्यायच्या थांबत नाहीत आणि धार काढल्याशिवाय गप्पही बसत नाहीत. निवाऱ्यातल्या पोरांचा चहा त्या दुधाचा. पण किटलीसोबत तो माणूस काही यायचा नाही. त्यांची म्हैस गाभण होती आणि दिवस भरलेले.

निवाऱ्यात येणारे डॉक्टर मला म्हणाले, "साखर असलेल्या माणसाचा पाय असा घाण पाण्यात राहिला तर पाय घालवायची वेळ येते." मुलगी मागेच उभी होती.

डॉक्टर गेल्यावर तिनं विचारलं, "पाय घालवायचा म्हंजे कापायचा?"

मी हो म्हणाले. खोटं सांगून नंतर ते दुरुस्त करत बसायला मला वेळ नसतो.

रोज संध्याकाळी पाचला वरून फोन यायचा. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर एक मोबाईल चार्ज करून सगळे गडी शाळेच्या गच्चीवर जमायचे, कारण रेंज तिथेच. इकडे हॉलमध्ये रेंज फक्त स्टेजवर. त्यामुळे वधूवरांच्या त्या लाल मखमली, सोनेरी हातांच्या खुर्च्यांवर बसूनच बोलावं लागे. सगळ्या बायकांना आपापल्या माणसाचा आवाज ऐकता यावा म्हणून मी मोबाईल माईकजवळ धरायची व्यवस्था केली. व्यवस्था उत्तम होती. फक्त त्यामुळे घरोघरची भांडणं सगळ्या हॉलला ऐकू यायला लागली.

मुलीची आई नवरीच्या खुर्चीत बसून ओरडायची, "अवो, येतासा का न्हाय? म्हशीसंगं लगीन लागलंय व्हय तुमचं?"

"बोटीत म्हस बसती का? न्हाय नव्हं? मग मीबी न्हाय."

"पाय सडला म्हंजे कळंल!"

"पाय बरा हाय."

"दावा बघू हिकडं!"

"फोनवर पाय कसा दावू?"

बॅटरी जायला नको म्हणून फोन बंद. असं रोज. पाणी किती चढलं, जेवलासा का, येतासा का. याच्या पलीकडे बोलायला कुणाकडे काही उरलं नव्हतं, आणि चढलेल्या पाण्याबद्दल रोज ऐकून कुणाला जेवण जात नव्हतं.

एका संध्याकाळी आई रागानं फोन पोरीच्या हातात देऊन खाली उतरली. वडलांनी विचारलं, "काय करालीस गं?"

"पुस्तक वाचालोय."

"कसलं?"

"म्हशीचं."

पलीकडून आवाज आला, "वाच की."

तिनं वाचलं. एक म्हैस माहेरी निघते. वाट माहीत नाही, म्हणून प्रत्येक पानावर कुणाला तरी विचारते, आणि प्रत्येकजण ठासून चुकीचं सांगतो. पहिला भेटतो बगळा. तो म्हणतो, डावीकडं.

"थांब, थांब," वडील म्हणाले. "ती गाभण हाय का?"

"पुस्तकात तसं लिवलं न्हाय."

"चित्रात बघ की. पोट कसं हाय?"

मुलीनं पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "जरा मोठ्ठं हाय."

"मग गाभणच. तिला एवढं चालवत्यात व्हय? कोण हाय मालक तिचा?"

मागून दुसरा आवाज आला. हे गावातले टेम्पोवाले चाचा, शेळ्यांसाठी मागे राहिलेले. "टेम्पोनं न्यायची की! आमी कशाला हाय मग?"

त्या संध्याकाळी पाणी किती चढलं हे विचारायचं सगळेच विसरले. ते चढलं होतंच, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी पाचला फोन आला आणि पहिलं वाक्य होतं, "कुठवर आली ती?" मी ताबडतोब शिस्त लावली. आधी औषधांची चौकशी, मग घरच्यांशी दोन-दोन शब्द, शेवटी दोन पानं. त्याहून जास्त नाही, कारण बॅटरी. ही शिस्त मी बॅटरीसाठी लावली होती. तिचा परिणाम असा झाला की गच्चीवरचे गडी रात्रभर त्या दोन पानांवर वाद घालायला मोकळे झाले. म्हशीला कोंबडा चुकीची वाट सांगतो, यावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण ती वाटेत केळीची सालं खाऊन दिवस काढते, हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. "लिवणाऱ्यानं कधी म्हस पाळल्या का?" असा त्यांचा प्रश्न होता. एकानं तर पेंडीचं आणि सरकीचं प्रमाण सांगून ते पुस्तकात लिहून ठेवायला सांगितलं. मुलीनं ते पेन्सिलीनं कडेला लिहिलं. शिंगांना गुलाबी रिबीन आहे म्हटल्यावर मात्र सगळ्यांनी मान डोलावली असावी, कारण पलीकडून "हां!" असा एकदम आवाज आला. दिवाळीच्या पाडव्याला हीच माणसं म्हशींची शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून त्यांना मोटरसायकलीमागं पळवतात. नटण्याच्या बाबतीत म्हशीला कुणी नाव ठेवलेलं त्यांना चालत नाही.

मग म्हैस नदीत उतरली.

ते पान वाचलं जात असताना एक म्हातारी मागच्या बाजूला टँकरच्या पाण्यानं कपडे धुवत होती. तिचा मुलगाही वर गच्चीवर, सोबत दोन म्हशी. फोनवर तिची सून बोलायची, आणि पाच वाजता मोरी रिकामी म्हणून ती मागेच असायची, त्यामुळे स्टेजवर गोष्ट वाचली जाते हे तिला ठाऊक नव्हतं. ती हॉलमध्ये शिरली आणि लाऊडस्पीकरवरून खणखणीत आवाजात ऐकू आलं, "म्हैस नदीत उतरली. पाणी तिच्या पाठीपर्यंत आलं. मागे वळून बघायलाही जागा नव्हती."

म्हातारीनं पिळलेलं लुगडं तिथंच टाकलं. "आगं बाई, कुणाची गं? कुणाची म्हस गेली?"

तिचं बघून शेजारची रडायला लागली. तिचं बघून आणखी दोघी. नुकसानीची नोंद घ्यायला आलेले तलाठी दाराशी चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवून कर्तव्यतत्परतेनं वही उघडली. आठवडाभर ज्या नोंदीसाठी लोक त्यांच्या मागे फिरत होते, ती नोंद त्यांनी कुणीही न मागता तत्काळ घेतली: म्हैस एक, वाहून गेली, मालकाचा शोध सुरू.

मी माईक बंद केला आणि खुलासा केला. म्हातारी स्टेजच्या पायरीशी येऊन मुलीला म्हणाली, "आगं ए भवाने! जीव घेतलास की माझा. कागदाच्या म्हशीसाठी रडालतो व्हय मी!"

मुलीनं घाबरून पुस्तक पाठीमागं लपवलं.

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "मग? निगाली का न्हाय भाईर?"

"अजून न्हाय आत्ती. उद्याच्या पानावर."

"उद्या? तवर ती पान्यातच ऱ्हाणार व्हय? काय माणसं हाईत का कोण!" हे माझ्याकडे बघून. दोन पानांचा नियम माझा होता. पण दुसऱ्या दिवशी पावणेपाचलाच ती पुढच्या रांगेत, नवरदेवाकडच्या बाजूला, खुर्ची पकडून बसली होती.

तलाठ्यांना मी म्हणाले, ती म्हैस पुस्तकातली आहे, नोंद काढून टाका. ते म्हणाले, "मॅडम, घेतलेली नोंद काढायची तर वरून परवानगी लागते." मी माझ्या यादीत एक काम वाढवलं.

इकडे पाय वाईट होत चालला होता. वडील फोनवर सांगत नव्हते, पण चाचांनी सांगितलं. "पोरी, तुझा बाप रातीला कण्हतोय. सुजलाय पाय." मागून वडील त्यांच्यावर ओरडले. आईनं या वेळी भांडण केलं नाही. ती नवरीच्या खुर्चीत नुसती बसून राहिली. तोवर तिनं ओरडून पाहिलं होतं, रडून पाहिलं होतं, दिराकरवी निरोप धाडला होता. मी बोटवाल्यांना सांगून दोनदा खास फेरी करायला लावली होती. दोन्ही वेळेला बोट दूध घेऊन आली.

फोन मुलीच्या हातात आला. आदल्या दिवशीच्या पानांत म्हैस नदीतून बाहेर आली होती आणि समोर एक टेकडी होती. टेकडीमागं कुणाचा तरी हंबरण्याचा आवाज. पुढं चार पानं शिल्लक. मुलीनं दोन पानं वाचायची सोडून पुस्तक मिटलं.

"पुढं?" वडील म्हणाले.

"पुढचं हितं आल्यावर."

"आगं, चार पानांसाठी बोटीनं यू व्हय मी?"

"पायासाठी या. पानं वर फुकट."

हॉलमधल्या बायका हसल्या. गच्चीवरून चाचा म्हणाले, "घे लेका! पोरीनं दावणीला बांधलं तुला." मग गच्चीवरच्या सगळ्यांनीच वडलांना धारेवर धरलं. त्यांच्या हट्टापायी आपल्यालाही टेकडीमागं कोण हंबरतंय ते कळणार नाही, हा उघड अन्याय आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. वडील एवढंच म्हणाले, "म्हस व्यायला झाल्या. तिला सोडून येत न्हाई." आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी फोन आला, पण वडील गोष्टीबद्दल अक्षर बोलले नाहीत. मुलगीही बोलली नाही. गोळ्या घेतल्या, जेवलो, ठेवतो. बस्स.

रात्रीच्या भाजीसाठी मी लसूण सोलत बसले होते. मुलगी येऊन शेजारी टेकली.

"वाचून टाकायला पायजे होतं काय?"

"का गं?"

"पप्पास्नी तिथं तेवढंच हाय की ऐकायला. तेबी मी बंद केलं."

माझ्याकडे कुठल्याही अडचणीवर तीन उपाय तयार असतात. त्यावर एकही नव्हता. वाच म्हणावं तर तिनं लावलेला एकमेव अडसर निघणार. नको म्हणावं तर एका आजारी माणसाची संध्याकाळची दोन पानं माझ्या सल्ल्यानं जाणार. मी तिच्यापुढे लसणाचा एक गड्डा सरकवला. आम्ही दोघींनी तो सोलला. निवाऱ्याच्या त्या दिवसांत मी घेतलेला हा एकमेव निर्णय, जो मी कुठल्याच यादीत लिहिला नाही.

सकाळी बोट आली. किटली उतरली आणि तिच्यामागून वडील. दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून, पायाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, दाढी वाढलेली. दारात पोचल्या पोचल्या त्यांनी बायकोला पहिलं वाक्य सांगितलं ते असं, "चीक आणलाय. नासंल म्हणून आलो."

पहाटे म्हैस व्याली होती. रेडी झाली. चाचांनी शेळ्यांसोबत तिचीही जबाबदारी घेतली होती.

"सोडलं व्हय म्हशीनं एकदाचं?" आई म्हणाली आणि किटली घेऊन आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दिवशी निवाऱ्यात सगळ्यांना खरवस मिळाला. वेलदोडा माझ्या यादीत नव्हता, तरी व्यवस्थापकांनी कुठून तरी आणला.

डॉक्टरांनी पाय बघितला, जखम उघडून साफ केली, दवाखान्यात पाठवलं. आणखी उशीर झाला असता तर, एवढं बोलून ते थांबले. पाय राहिला. वडील पायासाठी आले, की चिकासाठी, की चार पानांसाठी, हे मी त्यांना विचारलं नाही. त्या मंडळाला आभाराच्या पत्रात मी "पुस्तकांचा चांगला उपयोग झाला" एवढंच लिहिलं. थप्प्यांवर बसणंही उपयोगच होता.

दोन दिवसांनी दवाखान्यातून परतले त्या संध्याकाळी ते स्टेजखाली चटईवर पाय लांब करून बसले. चटया तोवर आल्या होत्या. मुलीनं पुस्तक आणलं, जागेवर बोट घातलं आणि उघडलं.

वडलांनी तिचा हात धरला. "आत्ता नगो."

"का? तुमी आलासा की."

"वर बाकीची हाईत. त्यास्नी सोडून मी एकट्यानं ऐकलं, तर तोंड कसं दावू? ऱ्हाऊ दे. समद्यास्नी एकदम."

मुलीचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. ती हसली आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. म्हातारीनं मात्र जाहीर निषेध नोंदवला.

सगळ्यांना एकदम ऐकवायचं ठरलं आणि त्याच संध्याकाळी वरचा फोन लागला नाही. ट्रॅक्टरची बॅटरी गेली होती. मग पाणी उतरायला लागलं. मग माणसं गावी परतली, आणि तिथं गोष्ट ऐकायला नाही, घरातला चिखल फावड्यानं उपसायला वेळ पुरत नव्हता. पुस्तक मुलीनं माझ्याकडे दिलं, कारण त्यांच्या घरात कोरडी जागा नव्हती. ते महिला मंडळाच्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे.

निवाऱ्याची सगळी कामं मी पूर्ण केली. भांडी मोजून परत गेली. नेकटाय एका शाळेच्या बँडपथकाला दिले. तलाठ्यांच्या वहीतली ती म्हैस काढायला बरेच दिवस लागले. शेवटी तिला 'सापडली' असं दाखवावं लागलं, कारण 'नव्हतीच' असा रकाना नाही. चार पानं तेवढी राहिली.

मुलगी आता नववीत आहे. एवढ्या वर्षांत मी गच्चीवरच्या सहाजणांना एकत्र आणायचा अनेकदा प्रयत्न केला. कधी उसाची तोड असते, कधी कुणाच्या घरी जावळ, कधी चाचा भाडं घेऊन गगनबावड्याकडे गेलेले. म्हातारी फोन करून विचारते, "माझ्या डोळ्यादेखत ती म्हस माहेरी पोचंल का न्हाई?" शेवट मला माहीत आहे. तो मोठा नाही. पण तो कुणाला सांगणार नाही असा मुलीला मी शब्द दिलाय, आणि सांगितलं तरी म्हातारी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. तिला ते स्टेजवरूनच ऐकायचं आहे.

गेल्या पावसाळ्यात पाणी पुन्हा रस्त्याला लागलं तेव्हा चाचांचा फोन आला. मला वाटलं टेम्पो हवाय का विचारतील. ते म्हणाले, "मॅडम, पुस्तक हाय नव्हं जाग्यावर? असू द्या. घाई करू नगासा. चार पानं शिल्लक आसलेली बरी." त्या वेळी पाणी गावात शिरलं नाही. पानं तशीच राहिली, आणि माझ्या यादीत ते एक काम खूण न करता राहिलं. मला अशी कामं आवडत नाहीत.

यंदा दिवाळीच्या पाडव्यानंतरचा रविवार मी कळवला आहे. वेळ पाच, ठिकाण तेच, स्टेज मोकळं आहे याची व्यवस्थापकांकडून खात्री करून घेतली आहे. पाचजणांचा होकार आला. सहावे, म्हणजे मुलीचे वडील, अजून नक्की सांगत नाहीत. त्या वेळची रेडी आता मोठी झाली आहे, गाभण आहे, आणि तिचे दिवस नेमके त्याच सुमाराला भरतात.